वाचत्या मुलांपासून सावध राहा

लालबाग-परळमध्ये मूल चार वर्षांचं झालं की घराला दोन चिंता लागतात. शाळेत प्रवेश कुठे मिळणार ही पहिली, आणि याला वाचता कधी येणार ही दुसरी. पहिलीवर पैसे, ओळखी आणि सिद्धिविनायक असे तीन जुने उपाय आहेत. दुसरीवर घरातल्या प्रत्येक माणसाकडे एकेक उपाय असतो आणि तो बाकीच्यांच्या उपायांना मारक असतो.

आमच्याकडे ही चिंता पुतणीच्या निमित्तानं आली. तिचं खरं नाव तिच्या आईबापांनी इंटरनेट पालथं घालून शोधलं आहे. ते शेजाऱ्यांना उच्चारता येत नाही आणि आजीला आठवत नाही, म्हणून इथे तिला ठमी म्हणू. ठमीला वाचायला कोणी शिकवायचं हे घरात ठरलं नव्हतं, त्यामुळे सगळेच शिकवत होते. भावानं मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं. त्यात बरोबर अक्षराला बोट लावलं की अस्वल टाळ्या वाजवतं आणि चुकीच्या अक्षराला लावलं की तेच अस्वल गळा काढून रडतं. ठमीला रडणारं अस्वल जास्त आवडलं. थोड्याच दिवसांत तिची सगळी उत्तरं बिनचूक चुकायला लागली. सगळी चुकवायला सगळी बरोबर यावी लागतात, हे भावाच्या लक्षात यायला बराच वेळ गेला.

वहिनीनं तिला फोनिक्सच्या क्लासला घातलं. "फिनिक्समध्ये कसला क्लास?" आजीनं विचारलं. तिचे सासरे गिरणीत होते. तिच्या लेखी फिनिक्स ही आधी गिरणी आणि मग, नाइलाजानं, मॉल. इंग्रजी अक्षरांचे आवाज काढायला शिकवणारं तिसरंही काही त्याच्यासारख्या नावाचं असू शकतं, हे तिला अजून पटलेलं नाही.

आजीचा स्वतःचा भर अंकलिपीवर. अंकलिपी हे मराठी माणसाचं पहिलं पुस्तक, आणि पुष्कळांचं शेवटचं. अडचण अशी की अंकलिपीतलं जग आणि लालबाग यांची गाठ पडून जमाना झाला. अ अननसाचा, पण ठमीला अननस ज्यूस सेंटरवर ग्लासातून भेटतो, डोक्यावर तुरा घेऊन नाही. उ उखळाचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा. पुनर्विकासात मिळालेल्या अठराव्या मजल्यावरच्या घरात औत कसं समजावणार? आजीनं फरशी पुसायचा वायपर हॉलभर ओढून दाखवला. ठमीनं वहीत लिहिलं ते औ वायपरचा. खरी पंचाईत झाली 'ण'पाशी. ण बाणाचा. "पण बाण तर ब चा आहे," ठमी म्हणाली. आजीनं पुढचं चित्र दाखवलं. ळ बाळाचा. "तोपण ब चाच." ज्ञ यज्ञाचा. "हा य चा." आजीनं अंकलिपी मिटून ठेवली. तिच्या पिढीला हे प्रश्न पडले नव्हते. पडले असते तर हातावर पट्टीही पडली असती.

अक्षरं संपली की काना-मात्रा नसलेला प्रदेश लागतो. बालभारती १९६७ साली स्थापन झाली, पण हा प्रदेश तिच्याही आधीचा आहे आणि प्रत्येक मराठी मूल त्यातून पायी गेलेलं आहे. इथली सगळी माणसं बबन, मदन, जगन या एकाच घराण्यातली. मुलींच्या नावाला बहुधा काना-वेलांटी लागते, म्हणून त्यांना फारसा प्रवेश नाही. घर आहे, पण त्यात आई नाही आणि बाबाही नाहीत. सगळे एकमेकांना हुकूम सोडत असतात, कारण काना-मात्रेशिवाय मराठीत विनंती करता येत नाही. मदन, फणस उचल. बबन, गवत पकड. (ही वाक्यं माझी, पुस्तकातली यांच्यापेक्षा सभ्य असतात.) सहा वर्षांच्या पोराला फणस उचलायला लावणारा हा कोण माणूस, हे कुठेच सांगितलेलं नसतं. ठमीनं या प्रदेशात स्वतःचं एक वाक्य रचलं : जगन, मटण कर. वाक्य व्याकरणाला धरून होतं, काना-मात्रा एकही नव्हती, पण आजीनं ते लगेच पुसायला लावलं. त्या दिवशी संकष्टी होती.

या सगळ्या घाईला दादरमध्येच एकदा उत्तर दिलं गेलं होतं. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं. त्यांच्या माँटेसरी पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं कापून पाटीवर चिकटवतात. मूल त्यांवरून बोट फिरवतं, अक्षर आधी हाताला कळतं, पेन्सिल मागाहून येते. मूल तयार झालं की वाचेल. तोवर गाणी, गोष्टी, खेळ. हे मी वहिनीला मोठ्या उत्साहानं सांगितलं. "तयार झालं की म्हणजे कधी?" ती म्हणाली. "फेब्रुवारीत इंटरव्ह्यू आहे." लहान मुलांच्या अशा मुलाखतींना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, असं मी म्हणालो. "म्हणून तर त्याला संवाद म्हणतात," वहिनी म्हणाली. ताराबाईंना पुढे पद्मभूषण मिळालं, पण वहिनीशी त्यांची गाठ पडली नव्हती.

शेवटी ठमी वाचायला शिकली ती मध्य रेल्वेच्या धिम्या लोकलमध्ये.

परळहून सीएसएमटीला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसून बघा. या स्थानकांचा क्रम ज्यानं लावला तो रेल्वेत नसता तर पाठ्यपुस्तक मंडळावर गेला असता. पहिलं परळ : काना नाही, मात्रा नाही, तीन सरळ अक्षरं. मग करी रोड : एक वेलांटी आणि एक 'रो'. मग चिंचपोकळी, म्हणजे अनुस्वार आणि दोन दीर्घ श्वास. भायखळ्याला जरा उसंत. आणि एवढ्यात, पोर जरा फुशारकीत आलेलं असताना, सँडहर्स्ट रोड! डोक्यावर अर्धचंद्र, पोटात अनुस्वार आणि शेपटीला तीन व्यंजनं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. त्यानंतर मशीद, दम खायला. आणि मग वार्षिक परीक्षा : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. हे नाव वाचायला हवा तितका वेळ मिळतो, कारण गाडी तिथून पुढे जात नाही.

पश्चिम रेल्वेवर अशी शिस्त नाही. तिथे परळला चिकटून एल्फिन्स्टन रोड होतं. २०१८ मध्ये त्याचं प्रभादेवी झालं, तेव्हा इतिहासाच्या अंगानं लोक पुष्कळ भांडले. पहिलीतल्या मुलांच्या अंगानं कोणीच बोललं नाही. 'ल्फि' आणि 'न्स्ट' एकाच शब्दात, आणि गाडी थांबणार किती, तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत. एक अख्खी पिढी ते नाव अर्धवट वाचूनच लोअर परळला पोचलेली आहे.

मुलांचं वाचन मोजायचीही पद्धत आहे. 'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतूनच उभी राहिली. २००५ पासून तिच्या पुढाकारानं देशभरातल्या गावांत 'असर' ही पाहणी होते. मुलापुढे एक कागद धरतात. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट, अशा पायऱ्या असतात. पाचवीतली जवळपास निम्मी मुलं त्या गोष्टीपर्यंत पोचत नाहीत, असं दर वेळी निघतं आणि आपण दर वेळी हळहळतो. उरलेली निम्मी पोचतात, मोठी होतात आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुठलाही मजकूर न वाचता खाली अंगठा देतात. त्यांची पाहणी कोणी करत नाही.

स्थानकं संपल्यावर ठमी रस्त्यावर आली. रस्ता तयारच होता. दुकानांच्या पाट्या मराठीत, तेही बाकीच्या लिपींपेक्षा लहान अक्षरात नाही, असा कायदा २०२२ मध्ये पक्का झाला आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. या निर्णयाचं राजकारण ज्याला करायचं त्यानं करावं. बालशिक्षणाच्या क्षेत्रात एवढी मोठी फुकट वाचनमाला दुसऱ्या कुठल्या कोर्टानं काढलेली माझ्या माहितीत नाही. जागतिक कीर्तीचे बूट, कॉफी आणि कपडे आता देवनागरीत उभे आहेत आणि ठमी एकेकासमोर थांबून त्यांची फोड करते. आत जायचा आग्रह करत नाही. पाटी वाचून झाली की तिचं दुकानाशी काम संपतं. वडील या कारणासाठी कोर्टाचे ऋणी आहेत.

जोडाक्षरांची पदव्युत्तर सोय भारतमाता सिनेमाच्या आसपास आहे. तिथे बारा महिने कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतो आणि त्याचा बॅनर दुमजली असतो. शाळेत रफार यायच्या आधी ठमीला 'हार्दिक' येत होतं. 'कार्यसम्राट' तिनं एका दमात वाचलं, तेव्हा सिग्नलला थांबलेल्या टॅक्सीवाल्यानं मान डोलावली. "भावी म्हणजे काय?" तिनं विचारलं. अजून झाले नाहीत, होणार आहेत, असं मी सांगितलं. "मग वाढदिवस पण भावी आहे का?" सगळ्यात खाली, दाटीवाटीनं बसलेल्या फोटोंच्या वर, मराठी भाषेतला सगळ्यात अवघड शब्द असतो : शुभेच्छुक. तो आमच्या भागात दर चौकात वेगळ्या ऱ्हस्व-दीर्घात लिहिलेला आहे. ठमीनं निवडला तो सगळ्यात मोठ्या बॅनरवरचा. शाळेतल्या बाईंनी तो कापला. "पण त्यांचं अक्षर तुमच्यापेक्षा खूप मोठं आहे," ठमी त्यांना म्हणाली.

इथवर घर खूश होतं. पोरगी वाचते म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. फक्त नव्यानं वाचायला शिकलेलं मूल मनात वाचत नाही, ते मोठ्यानं वाचतं, हे कोणाच्या ध्यानात नव्हतं.

परळच्या पुलावर 'येथे थुंकू नये' ही पाटी तिनं खणखणीत आवाजात वाचली, नेमकी एक सद्गृहस्थ गाल फुगवून पाटीखाली उभे असताना. त्यांची फार कुचंबणा झाली, बोलताही येईना. चिवडा गल्लीतून आणलेलं पाकीट पाहुण्यांसमोर फोडलं, तर ठमीनं त्यावरची तारीख आधी वाचली आणि मग आज कितवी तारीख आहे हेही सांगितलं. खोकल्याच्या बाटलीवरचं 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' वाचून ती बाटली हातात घेऊन घरभर फिरली. जुलै महिना, मुंबई. तिला तशी जागा सापडली नाही.

आणि मग वहिनीचा फोन. आमची आत्या गावाहून राहायला आली होती. वहिनीनं स्वतःच्या बहिणीला निरोप टाकला, आणि फोन चार्जिंगला लावून पोहे करायला गेली. ठमीनं तो आत्यासमोर बसून अक्षर न् अक्षर वाचला : "आत्याबाई आल्यात. आता आठवडाभर माझं डोकं." पुढे डोक्याची एक बाहुली होती. तिचंही वर्णन ठमीनं केलं. आत्यानं पोहे खाल्ले, पण लिंबू मागितलं नाही, यावरून काय ते समजावं.

त्या दिवसापासून घरातला सगळा नाजूक पत्रव्यवहार इंग्रजीत गेला. परिणाम असा की जे काम फोनिक्सच्या क्लासला वर्षभराच्या फीमध्ये जमलं नव्हतं ते आपोआप झालं. मुलापासून एखादी गोष्ट लपवायची आहे असं दिसलं, की ती कुठल्याही लिपीत असो, मूल ती वाचतं.

हेच सूत्र पुस्तकांना लावावं असं कोणाला वाटलं नाही. पुस्तकं आणायची तर संस्कारांची. दादरला छबिलदास गल्लीत 'आयडियल'मध्ये गेलं की मोठ्या माणसांचा हात आपसूक बोधकथांकडे जातो. आमच्या लहानपणी प्रत्येक गोष्टीच्या तळाशी तात्पर्य असे, आणि पोह्यातल्या कढीपत्त्यासारखं ते आम्ही बाजूला काढून ठेवत असू. वास तेवढा गोष्टीला लागत असे. आता तेच तात्पर्य आम्ही मुलांसाठी निवडून, पैसे देऊन आणतो. ठमीनं माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' उचललं. त्यात एक मुलगी आपल्या घरातल्या माणसांबद्दल सांगते. आजीनं ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत आणि मग उलटं तपासलं. "यात बोध कुठाय?" ठमी म्हणाली, "यात आजी आहे." आजी गप्प बसली आणि पुस्तक पिशवीत गेलं. त्याच्यावर दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडेही चढला. बोक्या काय काय उपद्व्याप करतो हे वहिनीला पुस्तक घरी आल्यावर कळलं. तोवर उशीर झाला होता. फास्टर फेणे भावानं स्वतःसाठी घेतला आणि बिल मुलीच्या नावावर टाकलं.

वाचनाचा अतिरेक होऊ शकतो, हे राणीच्या बागेत कळलं. विंदा करंदीकरांनी 'राणीची बाग' लिहिली ती १९६१ मध्ये, तेव्हा तिथे पेंग्विन नव्हते. ते २०१६ मध्ये आले आणि २०१७ पासून लोकांना बघायला मिळू लागले. आम्ही घामाघूम होऊन, रांगेत उभं राहून, त्या गारेगार काचेसमोर पोचलो. सगळी पोरं काचेला नाक लावून उभी. आमची पाटीसमोर. हम्बोल्ट, पेरू, चिली, सगळं वाचत होती. "अगं, पेंग्विन बघ! पोहतोय बघ!" मी ओरडत होतो. "थांब ना काका, अजून दोन ओळी राहिल्यात." दोन ओळी संपेपर्यंत रांग पुढे सरकवणारा माणूस आला. त्या पक्ष्याचं मूळ गाव ठमीला तोंडपाठ आहे. तोंड तिनं पाहिलेलं नाही.

मग वाचनालय. या भागाला वाचनालयांची जुनी खोड आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मधलं. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. ती मजुरांसाठी रात्रशाळा आणि मोफत वाचनालयं चालवी आणि फिरती वाचनालयंही काढी. म्हणजे पुस्तकं माणसांकडे जात. आज ना. म. जोशी मार्गावरून वडापाव, फर्निचर आणि औषधं माणसांच्या दारात जातात. तेव्हा कल्पना टिकली आहे, माल बदलला. आम्ही ज्या वाचनालयात गेलो (नाव कशाला?) तिथे बालविभाग होता आणि त्याला कुलूप होतं. "मुलं पुस्तकं खराब करतात," तिथल्या काकांनी सांगितलं. कपाटाच्या काचेतून पुस्तकं दिसत होती. सगळी कोरी करकरीत होती, त्यामुळे काकांचं म्हणणं खोटं म्हणता येईना. ठमीनं काचेतूनच सगळी शीर्षकं वाचली आणि एकावर बोट ठेवलं. "ते तुझ्या वयाचं नाही," काका म्हणाले. "माझं वय किती आहे?" ठमीनं विचारलं. कुलूप उघडलं, बहुधा प्रश्न अर्जात बसत नव्हता म्हणून.

महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. ठमीच्या शाळेतही झाला. पाहुणे आले, नारळ झाला, शाल झाली, आणि वाचनाचं महत्त्व या विषयावर पाठोपाठ भाषणं झाली. मधल्या एका भाषणात ठमीचं पुस्तक जप्त झालं. ती मागच्या रांगेत मांडीवर ठेवून वाचत होती. कार्यक्रमाकडे लक्ष नाही, असा शेरा डायरीत आला. तो शेरा तिनं घरी आल्यावर आम्हाला वाचून दाखवला, एकही जोडाक्षर न चुकता.

आता परिस्थिती हाताबाहेर आहे. भावाला कुठून तरी कळलं की बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट मिळतात. ठमीसाठी म्हणून त्यानं टॅब घेतला. रात्री दोनदोन वाजेपर्यंत तो स्वतः त्यात असतो; आपण सातवीत सोडवलेलं कोडं शोधतोय म्हणतो. आजीनं ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' उशीखाली ठेवला आहे आणि मागितला तर "माझं अजून व्हायचंय" म्हणते. आत्या परत आली, ती बोक्या मागून घेऊन गेली आणि अजून पाठवलेला नाही. वहिनीनं त्याबद्दल बहिणीला इंग्रजीत काही लिहिलं, ते ठमीनं मला मराठीत सांगितलं.

परवा कपाटावर एक कागद चिकटवलेला दिसला. वरती ठळक अक्षरात 'हार्दिक सुचना'. खाली मजकूर : 'माझी पूस्तके मोठ्या माणसांनी नेऊ नये. नेल्यास रात्री वाचून दाखवावे लागेल.' त्याच्याखाली, चौकातल्या सगळ्यात मोठ्या बॅनरच्या ऱ्हस्व-दीर्घाप्रमाणे, 'शुभेच्छूक, ठमी मित्रमंडळ'. मधोमध तिचा स्वतःचा हात जोडलेला फोटो, आणि खाली कोपऱ्यात, आकारानं बराच लहान, आजीचा.